हेड-ऑन

बेळगावात कॅमोफ्लाज पँट घालून हिंडायला छाती लागते. पुण्या-मुंबईत त्या पँटीकडं कुणी ढुंकून बघत नाही. इथं १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि दर गल्लीत एक तरी निवृत्त फौजी कट्ट्यावर पेपर वाचत बसलेला असतो. वडगावातल्या आमच्या गल्लीत सुभेदारमामा बसतात. मी पहिल्यांदा ती पँट, तसलाच शर्ट, तसलीच टोपी आणि पाठीवर त्याच रंगाची भलीमोठी सॅक अशा अवतारात बाहेर पडलो, तेव्हा मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कुठली युनिट?"

"मामा, मी हो. ताडोब्याला चाललोय. फोटोग्राफीला."

"ते कळालं. खरं ही पँट कशाला?"

"प्राण्यांना आपण दिसू नये म्हणून."

"आणि जंगलात हिंडणार कशातनं?"

"उघड्या जिप्सीतनं."

मामांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पेपर बराच वेळ हलत होता आणि गल्लीत वारा तर अजिबात नव्हता.

मी मुळात मागवाला. शहापूर, खासबाग, वडगाव या पट्ट्यात यंत्रमागाची खटखट ऐकत माणसं जन्मतात आणि तिच्यातच झोपी जातात. खटखट थांबली तरच जाग येते. या आवाजात वाढलेल्या माणसाला जंगलातल्या शांततेची ओढ लागली, असं मी लोकांना सांगतो. ऐकायला बरं वाटतं. खरं कारण असं, की साड्या विकणाऱ्याला लग्नाकार्यात कुणी 'परवा कुठली साडी बघितली?' असं विचारत नाही. वाघवाल्याला मात्र माणसं खुर्ची देतात. म्हणून मी कार्ड छापून घेतलं: 'वाइल्डलाइफ अँड लँडस्केप फोटोग्राफर'. खाली बारीक अक्षरांत 'साड्या होलसेल दरात मिळतील'. आजवर त्या कार्डावर आलेले सगळे फोन खालच्या ओळीसाठी आले.

त्यातलं 'लँडस्केप' का, हे सांगायला हवं. वाघ दिसला नाही की त्या दिवशी जे काही काढून आणतो, ते लँडस्केप. ताडोब्याच्या तळ्यावरचं धुकं, पाण्यातली वाळकी झाडं, मोहाच्या फांदीआडून डोकावणारा सूर्य, ही सगळी निसर्गावरच्या प्रेमाची प्रकरणं साडेआठनंतरची. त्याआधी सूर्य उगवला तेव्हा आमचं तिकडं लक्ष नव्हतं. माझ्याकडं लँडस्केपचा साठा मोठा आहे.

जिप्सीत मागं सहा जण बसतात आणि त्या सहांत चातुर्वर्ण्य असतं. ते लेन्सवर ठरतं. सहाशे एमएमची प्राइम, म्हणजे जिची किंमत ऐकून आमच्या मागाचा मिस्त्री खाली बसला होता, तिचा मालक ब्राह्मण. त्याला काही बोलावं लागत नाही. गाइडसुद्धा त्याच्याकडं बघूनच 'साहेब, थांबायचं काय?' म्हणतो. त्याखाली पाचशेवाले. मग माझ्यासारखे दीडशे-सहाशेच्या झूमवाले. आमचेही सहाशेच, पण पंक्तीत आम्हाला थोडं लांब बसवतात. सगळ्यात खाली नवरा-बायको, एक मूल आणि दुर्बीण. या लोकांना वाघ हमखास दिसतो, कारण ते वाघाकडं बघत असतात. कर्नाटकातल्या काही जंगलांत तर लेन्सच्या लांबीवर शुल्क लावतात. लोक त्यावर कुरकुरतात. मी पावती जपून ठेवतो. सरकारनं माझ्या लेन्सची दखल घेतल्याचा तेवढाच एक पुरावा आहे.

या मंडळींची एक भाषा आहे. वाघ दिसला म्हणायचं नाही, 'सायटिंग' म्हणायचं. चितळ ओरडलं की 'कॉल'. वाघीण चालायला लागली की 'मूव्हमेंट'. आणि वाघ रस्त्यानं थेट तुमच्याकडं तोंड करून चालत आला, की 'हेड-ऑन'. त्याच्याखालचं सगळं पोटापुरतं. गेटवर परतल्यावर चहाच्या टपरीवर कुणी एवढंच विचारतं, "मिळालं काय हेड-ऑन?" हो म्हणणारा चहाचे पैसे देतो आणि नाही म्हणणारा बिस्किटं खातो. मी किती बिस्किटं खाल्ली याचा हिशेब ठेवलेला नाही.

माझ्याकडं वाघ आहेत, नाहीत असं नाही. पाठमोरे आहेत. बांबूच्या मागं उभे आहेत. एका फोटोत नुसती शेपटी आहे. ती मात्र इतकी तीक्ष्ण आली आहे की केस मोजून घ्यावेत. त्यातला एक पाठमोरा मी मोठा करून, फ्रेम घालून दिवाणखान्यात लावला. खाली 'प्रस्थान' असं नाव आणि त्याखाली शटर स्पीड, अॅपर्चर, आयएसओ. मोठ्या फोटोग्राफरांना लोक सेटिंग विचारतात. मला कुणी विचारत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवलं. पाहुणे आले की सोफ्यावर त्यांना अशा बाजूला बसवतो की मान वर केली की 'प्रस्थान'. मेव्हण्याचा धाकटा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, तोंड दुसऱ्या फोटोत आलंय काय?"

आता बीनबॅगबद्दल. लेन्स जड असते आणि जिप्सीच्या दांडीवर टेकवायची तर खाली काही मऊ लागतं. दुकानातली बीनबॅग मिळते, पण मागवाल्याच्या घरात कापड विकत घ्यायचं म्हणजे पाप. टेलरकडून जाड कापडाची दोन कप्प्यांची पिशवी शिवून घेतली. आत काय भरायचं हा प्रश्न होता. कुणी तांदूळ भरतं, कुणी राजमा. आमच्या घरात बेळगावी मसूर होती. बारीक, गोल, गच्च बसणारी. लेन्स तिच्यावर ठेवली की हलत नाही. बायकोनं मोजून दिली आणि बजावलं, "परत आणायची. ह्या वर्षीचा भाव बघितलाय काय तुम्ही?"

ती मसूर माझ्याबरोबर ताडोब्याला गेली, दांडेलीला गेली, धूळ खाऊन परत आली, पाखडून धुतली गेली आणि आमटीत पडली. नंतर मी पिशवी रिकामी करायचा कंटाळा केला. पावसाळा गेला. पुढल्या मोसमात पिशवी काढली तर आतून खसखस आवाज. शिवण उसवून ताटात ओतली. प्रत्येक दाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि ताटभर करडे-तपकिरी भुंगे सैरावैरा. एक भुंगा दाण्यातून निम्माच बाहेर आला होता. पुढचे पाय काठावर रोवलेले, मिशा हलतायत, मागचं धड अजून आत. मी मॅक्रो लेन्स लावली, खिडकीत ताट धरलं. आणि तो थेट माझ्याकडं तोंड करून बाहेर आला. माझ्या संग्रहातला हा एकमेव निर्विवाद हेड-ऑन. तो दिवाणखान्यात लावायची परवानगी अजून मिळालेली नाही.

आता बिबट्याचं सांगतो. विषयाला सोडून आहे, खरं बेळगावचा माणूस बिबट्याचं सांगितल्याशिवाय पुढं सरकत नाही.

२०२२ च्या ५ ऑगस्टला जाधवनगरात बिबट्यानं एका बांधकाम मजुरावर हल्ला केला आणि तो शेजारच्या गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला. गोल्फ कोर्स म्हणजे अडीचशे एकरांचं रान. आम्हा वडगावकरांना ते ऐकून माहीत. तिथं काय खेळतात आणि कोण खेळतात याच्याशी आमचा कधी संबंध आला नाही. त्या महिन्यात मात्र गोल्फमधलं ओ की ठो न कळणाऱ्या साऱ्या बेळगावाला गोल्फ कोर्सचा नकाशा तोंडपाठ झाला. कुठल्या बाजूला ओढा, कुठल्या कोपऱ्यात दाट झुडपं, हनुमाननगरच्या अंगानं भिंत कुठं खचली आहे, हे भाजी मार्केटातल्या बायका हातवारे करून सांगत होत्या. आसपासच्या बावीस शाळा बंद ठेवल्या. बिबट्यासाठी मुलांनी देवाला नारळ बोलले. तो सापडू नये म्हणून.

पिंजरे लागले, कॅमेरा ट्रॅप लागले, ड्रोन उडाले, भुलीच्या बंदुका आल्या. बिबट्या पिंजऱ्यापर्यंत यायचा आणि जायचा. मध्येच एका सकाळी भर रस्ता ओलांडून त्यानं दर्शन दिलं आणि पुन्हा आत. शेवटी शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणले. बिबट्या पकडायला हत्ती, तेही गोल्फ कोर्सवर! हे ऐकून माझ्या पुण्याच्या मित्रानं फोन केला, "तू रोज संध्याकाळी पितोस की काय?"

आणि मी त्या महिन्यात काय करत होतो? पावसाळ्यात ताडोब्याचा गाभा बंद असतो. लेन्स कपाटात. आयुष्यभर आठशे किलोमीटर जाऊन जे शोधायचं, ते घरापासून रिक्षाच्या भाड्यावर येऊन बसलेलं. मी कॅमोफ्लाज चढवला, ट्रायपॉड घेतला आणि हिंडलगा रोडला जाऊन उभा राहिलो. तिथं माझ्यासारखे आधीच रांगेनं उभे होते. सगळे आपल्याच गावचे, एकमेकांना कधी न भेटलेले. पण लेन्सवरून पाच मिनिटांत जातवारी लागली. बंदोबस्तावरच्या हवालदारानं माझ्या नळकांड्याकडं बघून विचारलं, "हे काय? तोफ?" मी अभिमानानं सहाशे एमएम म्हणालो. तो म्हणाला, "मग इथनं कशाला? घरातनंच काढा की."

पुढं एका ओळखीच्याच्या हनुमाननगरातल्या गच्चीवर मी रात्री बसायला लागलो. ऑगस्टचा पाऊस, प्लॅस्टिकचा कागद, त्याखाली मी, लेन्स आणि मसूर. ओळखीच्याची आई दर रात्री चहा आणून द्यायची आणि दारात उभी राहून सांगायची, "काल दुपारी तिकडं शेवग्याच्या झाडाखाली बसला होता म्हणे." 'म्हणे' हा बिबट्याचा पत्ता होता. शहरातल्या प्रत्येकाच्या मेव्हण्याला तो दिसला होता. वडगावातसुद्धा दिसला, एका रात्री आमच्याच गल्लीत. सुभेदारमामा काठी घेऊन गेले आणि शेजारच्यांच्या तांबड्या कुत्र्याला घेऊन परत आले. डॉक्टरांनी सांगूनही न चालणाऱ्या नवरे लोकांना पहाटेचं फिरणं बंद करायला सरकारमान्य कारण मिळालं. त्या महिन्यात गच्चीवरून मी काढलेल्या फोटोंत भटकी कुत्री आहेत, दोन वटवाघळं आहेत, आणि ढग फाटून गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर उतरलेलं चांदणं आहे. थोडक्यात, लँडस्केप.

जवळजवळ महिनाभर माणसं, हत्ती, ड्रोन आणि आम्ही लेन्सवाले एका जनावराच्या मागं होतो. त्यानं पिंजऱ्यात पाऊल टाकलं नाही. मोहीम थंडावली, शाळा उघडल्या, पोरं हिरमुसली. मला अजून त्याच्याबद्दल आदर आहे. इतक्या लेन्सा रोखलेल्या असताना पोज न देता निघून जाणारं बेळगावात दुसरं कुणी मी बघितलं नाही.

तर मूळ विषय. ताडोब्याच्या गेटवर मोबाइल काढून घेतात, हे फार चांगलं. नाहीतर एक जिप्सी दुसरीला कळवते, दुसरी चौथीला, आणि दहा मिनिटांत वाघिणीच्या चहूबाजूंनी पेट्रोलचा धूर. मी त्या गर्दीत उभा राहिलेलो आहे. उगाच साधू बनत नाही. ड्रायव्हरला 'थोडं पुढं घे की' म्हणणारा आवाज नेहमी मागच्या सीटवरून येतो आणि नेहमी विनम्र असतो.

२०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले, आणि जिप्सींनी त्यांची वाट दोन्हीकडून अडवली. त्याचा व्हिडिओ सगळीकडं फिरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडांवर कारवाई झाली. तो व्हिडिओ आमच्या घरी सगळ्यांनी एकत्र बघितला. बायको म्हणाली, "पोरं घेऊन चाललीय ती, जाऊ द्या की तिला." आणि मी? मी जिप्सीत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात कुठल्या लेन्सा आहेत ते बघत होतो. दुसऱ्यांदा व्हिडिओ लावला तेव्हा वाघिणीकडं बघितलं. ती मान खाली घालून, पोरांना मागं ठेवून, फट शोधत होती. पाठ नव्हती, शेपटी नव्हती; थेट समोरून येत होती. ज्या फोटोसाठी मी जीव टाकतो तो नेमका असा मिळतो, हे मला माहीत होतं. जनावराला दुसरीकडं जायला जागा उरली नाही की ते कॅमेऱ्याकडं येतं.

सहा माणसांच्या हौसेची शिक्षा कुणाला? ड्रायव्हर आणि गाइडला, जे दिवसाच्या रोजंदारीवर येतात आणि ज्यांच्या खिशात 'टिप' म्हणून आपण पाचशेची नोट सरकवतो, तीही सायटिंग झालं तरच. वाघ न दाखवणाऱ्या गाइडला पन्नास देऊन 'नशीब नव्हतं' म्हणणारे आम्ही. अडवणूक त्या नोटेत सुरू होते. हे मी टपरीवर एकदा बोललो. सहाशे प्राइमवाले म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण तुम्हाला हेड-ऑन मिळालेलं नाही म्हणून तुम्ही असं बोलता." त्यातही तथ्य आहे.

आमच्या दाराशी भीमगड आहे. खानापूर तालुक्यात, २०११ साली अभयारण्य झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. तिथं वाघ आहेत, गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक वटवाघूळ आहे. ओल्डफिल्ड थॉमसनं १९१३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, नाव व्रॉटन या वनाधिकाऱ्याचं दिलं. त्यानंतर कितीतरी दशकं जगात त्याचा ठाऊक असलेला पत्ता एकच होता, आमचा खानापूर तालुका. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं, ते वेगळं. लंडनचा माणूस वर्णन करून गेला आणि मी वडगावचा, दीड तासावर राहणारा, माझ्या कार्डावर वाइल्डलाइफ असून, कितीतरी वर्षं त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. मोठ्या कानांच्या, नाक दाबल्यासारख्या तोंडाच्या त्या जिवाला लाइक मिळत नाहीत. ठाऊक झाल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो फोटो काढायची परवानगी मिळेल काय. मिळणार नाही, असं उत्तर आलं. बरं झालं. माझ्यासारखे दहा जण फ्लॅश घेऊन आत गेले असते तर कंबोडियाची वस्ती एकटी पडली असती.

या जंगलात माणसंही राहतात. जांबोटीच्या पुढं एका शिवारात मी गव्यांचा कळप टिपत होतो. भाताच्या उभ्या पिकात अकरा-बारा गवे, सकाळचं तिरपं ऊन, अंगावरून वाफा. कधी नव्हे ते सगळं जुळून आलेलं. बांधावर शेताचा मालक बसला होता. मी उत्साहानं स्क्रीन दाखवली. त्यानं निरखून बघितलं. "बेस आलाय," म्हणाला. "खरं जाताना घेऊन जावा हं त्यांस्नी."

२०२४ च्या जुलैत त्याच रानातल्या आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी भर पावसात, चिखलातून, खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर बाहेर काढलं. गाडी जाईल असा रस्ता नाही. अभयारण्यातून रस्ता करायचा तर परवानग्यांचं गाडं. तळेवाडीच्या कुटुंबांना बाहेर येण्यासाठी प्रत्येकी १५ लाखांची भरपाई ठरली. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी या जंगलाशी जमवून घेतलं, ती माणसं खाली येतायत आणि आम्ही पैसे भरून, गणवेश घालून वर चाललोय. गाव उठल्यावर तिथं 'नेचर ट्रेल' झाला तर मी जाईन काय? जाईन. ट्रायपॉड घेऊन जाईन. याचा मला राग येतो आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही, म्हणून सुभेदारमामांकडं गेलो.

मामा उभं आयुष्य ईशान्येच्या जंगलांत काढून आलेले. त्यांच्याकडं तिथला एकही फोटो नाही. मी विचारलं, वाघ बघितला काय कधी?

"एकदा. रात्री, नाल्याच्या पल्याड. त्यानं बघितलं, आम्ही बघितलं."

"मग?"

"मग काय? तो त्याच्या ड्युटीवर गेला, आम्ही आमच्या. जंगलात आपण कुणाला दिसू नये म्हणून ही पँट घालायचो रे आम्ही. तू तर ती घालून स्वतःचाच फोटो काढून घेतोस."

हे खरं आहे. माझ्या प्रोफाइलवर जो फोटो आहे, त्यात मी जिप्सीत उभा आहे, लेन्स डोळ्याला लावलेली आहे, आणि वाघ नाही. त्याला माझ्या सगळ्या वाघांहून जास्त लाइक आहेत.

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा ताडोब्याला चाललोय. जिप्सीत एक जागा रिकामी आहे. वाचकांपैकी कुणाला यायचं असेल तर कार्डावरच्या नंबरावर फोन करावा. साडी घ्यायची सक्ती नाही. टिप आधीच, गेटवरच द्यायची असं या खेपेला ठरवलंय, वाघ दिसो न दिसो. मसूर मी आणीन. दुर्बीणवाल्यांना प्राधान्य.